आचलच्या आवडीचे भुताचे पिक्चर

"टीव्हीच्या बाजूले नको, त्या भिंतीले ठेवा," बुधाजींनी सांगितलं.

धर्मेंद्रने नवा स्पीकर उचलून भिंतीशी नेला. बुधाजींनी अकोल्याहून एसटीत मांडीवर सांभाळत आणलेला तो काळा डबा त्या एवढ्याशा खोलीत गरजेपेक्षा मोठाच वाटत होता. भिंतीच्या पलीकडे कौशल्याबाई राहत.

"आता त्यायले बोलवा, जावईबापू. चहाले."

गेल्या आठवड्यात फोन आला होता तो कौशल्याबाईंचाच. तुमच्या पोरीच्या घरातून दुपारी किंकाळ्या येतात, तिला घेऊन जा, नाहीतर मी पोलिसांत सांगते. बुधाजी तेव्हा अकोल्यात, जठारपेठेतल्या आपल्या दुकानात शेवंतीचे हार ओवत होते. सुई हातात तशीच धरून त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"बाई, ते भुताचे पिक्चर," ते म्हणाले. "तिले लहानपणापासूनचा नाद आहे. मी सोता येतो, तुमची खात्री करून देतो."

फोन ठेवल्यावर बराच वेळ त्यांना दुसरा हार सुरू करता आला नाही.

यावं तर लागणारच होतं. धाकट्या प्राजक्ताचं लग्न ठरलं होतं. तिचं सासरही इथलंच, राजापेठेतलं, आचलच्या घरापासून दोन गल्ल्या सोडून. मोठीच्या दारात पोलीस आले, हे तिकडे कळायला कितीसा वेळ? ठरलेलं लग्न मोडलं असतं.

नाद मात्र खरा होता. आचल शाळेत होती तेव्हा बुधाजीच भाड्याने सीडी आणत. बाप-लेक फुलांच्या रिकाम्या पोत्यांवर बसून पाहत. ती त्यांच्या पाठीमागे तोंड लपवायची. बुधाजी न रागावता पिक्चर मागे नेत आणि पुन्हा दाखवत. "घाबराचं नाई, पायाचं. सारे खिडकीकडं पाहून रायले ना? मंग थे येणार दारातून." पोरगी हुशार. थोड्याच दिवसांत भूत कुठून येणार हे तीच आधी सांगू लागली.

कौशल्याबाई आल्या, टेकल्या. चहाच्या कपाला त्यांनी हात लावला नाही. त्यांची नजर आचलवर होती.

"सांग वं त्यायले, तुये आवडते कोणते ते," बुधाजी म्हणाले.

आचलने नवऱ्याकडे पाहिलं आणि शाळेत कविता म्हणावी तसं सांगायला लागली. "सारं वऱ्हाड विहिरीत उतरते, तो. मंग न्हाव्याच्या आरशाचा. त्या आरशात गिऱ्हाईक मेलेलंच दिसते."

"त्याच्यापायी या पोरीनं मले महिनाभर दाढी नाई करू देली," बुधाजी हसले. "गिऱ्हाइकं म्हणे, फुलवाल्याच्या घरी सुतक आहे का."

कौशल्याबाईंच्या ओठांवरही जरासं हसू आलं. "अन् सगळ्यात आवडता?"

आचल थांबली. "त्यात भूतच नाई. बंद खोलीतून आवाज येते. घरचे सारे आयकतात, अन् जेवत रायतात."

"हा काई मी पायला नाई," बुधाजी म्हणाले.

"पायला, बाबा. तुमी विसरले."

धर्मेंद्रने घाईने पिक्चर लावला. कुठल्याशा बंगल्यात एक बाई जिन्यावरून मागे मागे सरकत होती. मग ती किंचाळली आणि ताटाळ्यातली ताटं थरथरली. कौशल्याबाईंनी कानांवर हात ठेवले. आचलने टीव्हीकडे पाहिलंही नाही.

"असाच आवाज येते का?" बुधाजींनी विचारलं.

"असाच... म्हणजे, जवळपास असाच."

मग बुधाजींनी त्यांना लहान मुलाला समजवावं तसं समजावून सांगितलं. पडद्यावर दिसते ती बाई फक्त तोंड उघडते. किंकाळी दुसरीच कोणी देते, बंद खोलीत, माईकपुढे उभी राहून. तिला त्याचा पगार मिळतो. ऐकणाऱ्याचं काळीज मात्र उगाच हलतं.

कौशल्याबाईंनी निवलेला चहा एका घोटात संपवला. "माफ करा, भाऊ. माया मनात भलतंच आलं होतं."

"तुमी शेजारधर्म पाळला. आजकाल कोण करते एवढं?" बुधाजींनी पिशवीतून शेवंतीचा गजरा काढून त्यांच्या हातात दिला. त्या गेल्या.

धर्मेंद्र चपला घालायला बाहेर गेला, तेव्हा आचल जवळ आली. "बाबा, मी येऊ संगं? दोन दिवस."

"लग्नाले येशीनच ना. आता आली तं लोक इचारतीन, काहून आली."

"आईले सांगतलं तुमी?"

"काय सांगू? पोरगी पिक्चर पायते म्हणून?" त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. थोडा वेळ तो तिथेच राहू दिला.

स्पीकर अजून चालूच होता, तो बंद करायलाही ती वळली नाही.

जावई स्टँडपर्यंत सोडायला आला. अकोल्याची गाडी लागलेली होती. बुधाजी चढायला निघाले, तेव्हा धर्मेंद्र हळूच म्हणाला, "मामाजी, मंगळवारी डीपी जळाली होती. दिवसभर गल्लीत लाईन नव्हती, तवाच बाईनं आवाज आयकला. आज तिच्या ध्यानात आलं नाई. पन पुन्हा तसं झालं तं?"

बुधाजींनी टोपी नीट केली.

"तो स्पीकर मोबाईलवरून बॅटरीवर चालते. तसा पाहूनच घेतला," ते म्हणाले. "फक्त लग्न होईपर्यंत तोंडावर मारू नका, जावईबापू. फोटो निघतात."