रोज सकाळी पाच थेंब

ठिपक्या चौथ्यांदा उभा राहिला आणि चौथ्यांदा पडला. मागचे पाय त्याचं ऐकेनात. ऑपरेटरबाईंनी दुधाची वाटी पुढे धरली, तर त्यानं भलतीकडेच तोंड नेलं. डोळे सताड उघडे, पण समोरचं दिसत नसावं. तोंडातून लाळ गळत होती.

काल संध्याकाळी याच पिल्लानं बाईंचा मोजा पळवून त्यांना घरभर नाचवलं होतं.

"ठिपक्या," त्या मोठ्यानं म्हणाल्या, "सांग तुझ्या आजोबांना, टॅक्सी बोलवा म्हणावं. आत्ताच्या आत्ता!"

आजोबा आतून आले. पिल्लाकडे एकदा पाहिलं आणि अनवाणीच खाली धावले.

हे असंच चालायचं. बाईंनी तीस वर्षं टेलिफोन एक्सचेंजमध्ये लोकांचे फोन जोडून दिले, म्हणून त्या ऑपरेटरबाई. घरातली, नवऱ्याशी असलेली लाइन मात्र सहा वर्षं बंद होती. भांडण झालं ते एका कपाटावरून. ते कुठल्या भिंतीला लावायचं, यावर दोघंही हटेनात. बोलणं थांबलं ते थांबलंच, आणि कपाट अजून खोलीच्या मधोमध उभं होतं. दोघंही त्याला वळसा घालून जात. परगावच्या लेकीला प्रत्येक गोष्ट दोनदा सांगावी लागे, एकदा आईला, एकदा बाबांना. शेवटी ती वैतागली आणि दोन आठवड्यांपूर्वी तिनं हे एवढंसं कुत्र्याचं पिल्लू घरात आणून सोडलं. "माझ्या जागी आता हा," म्हणाली.

टॅक्सीत बाईंनी ठिपक्याला पंच्यात गुंडाळून मांडीवर घेतलं. त्याचं अंग थडथड उडत होतं. हे पुढे ड्रायव्हरशेजारी बसले होते, पण मान सारखी मागे वळत होती.

आता बघतात वळून वळून, बाई मनात म्हणाल्या. बिस्किटं चारताना नाही सुचलं! रोज सकाळी त्या आंघोळ करून बाहेर आल्या की ठिपक्या ओठ चाटत बसलेला असे आणि हे शेजारी पेपरात तोंड खुपसून. चोरून काहीतरी खायला घालतात हे न कळायला त्या काही दूधखुळ्या नव्हत्या. पण सांगणार कोणाला? पिल्लामार्फत पिल्लाचीच तक्रार कशी करायची?

दवाखान्यातल्या डॉक्टर लेकीच्याच वयाच्या होत्या. त्यांनी ठिपक्याच्या डोळ्यात बॅटरी मारली. त्यानं पापणीसुद्धा लववली नाही.

"पिल्लांना एक वाईट रोग होतो," डॉक्टर म्हणाल्या. "त्याची तपासणी करून घेते. तोवर सलाइन लावू या. काकू, इथं धरा. काका, तुम्ही तिकडून."

पत्र्याच्या टेबलाच्या एका बाजूला बाई, दुसऱ्या बाजूला हे, आणि मधे ठिपक्या. त्याच्या इवल्याशा पायात सुई गेली. तो ओरडेल म्हणून बाईंनी डोळे मिटले, पण तो कुंईसुद्धा करेना. ते फार वाईट होतं.

बाईंचा फोन वाजला. लेक होती. "आई, घाबरू नकोस. मी निघालेय. संध्याकाळपर्यंत पोचते." फोन बंद झाला आणि लगेच टेबलापलीकडे यांचा वाजला. "बाबा, घाबरू नका. मी निघालेय. संध्याकाळपर्यंत पोचते." यांनी नुसता हुंकार दिला.

मग काहीच उरलं नाही करायला. सलाइन टपटपत होतं. ठिपक्याचा श्वास मधेच अडायचा, बाईंचा जीव टांगणीला लागायचा, मग त्याचं पोट पुन्हा हलायचं. यांचा हात त्याच्या पाठीवर होता. बाईंना पहिल्यांदाच वाटलं, विचारावं, वाचेल ना हो? ओठांपर्यंत आलंही. पण सहा वर्षं ज्या तोंडाला कुलूप, ते असं एकाएकी उघडत नाही. आणि ज्याच्यामार्फत विचारायचं, तोच निपचित पडलेला.

डॉक्टर कागद घेऊन आल्या.

"तो रोग नाहीये."

बाईंनी सुटकेचा श्वास सोडला. "बिस्किटांनी झालं असेल का हो? फार गोड खाल्लं तर?"

"नाही, नाही. बिस्किटांनी असं आंधळं होत नाही कोणी. काही औषध चालू होतं का?"

"खरजेचं आहे ना." बाईंनी पिशवीतून बाटली काढली. याबाबतीत त्यांना कोणी बोट दाखवू शकलं नसतं. "लेकीनं आणून दिलं, नीट बजावून सांगितलं. रोज सकाळी पाच थेंब, तोंडात. एक दिवस चुकलेला नाही. सहाला घरात सामसूम असते, तेव्हाच देऊन मोकळं व्हायचं. पण केमिस्ट महालबाड! वीस दिवस पुरायची बाटली दहाव्या दिवशीच संपली. अर्धवट भरलेली असणार. अशी खरडपट्टी काढली त्याची! ही दुसरी आणलेली."

डॉक्टरांनी बाटली घेऊन उजेडात धरली.

"काकू, हे जास्त गेलं तर डोक्यात चढतं. आणि याला उतारा नाही. आपोआप उतरेपर्यंत या जिवानं तग धरायचा, बस. आपण फक्त बघत राहायचं." त्यांनी बाटली खाली ठेवली. "मला नीट आठवून सांगा. थेंब रोज कोण देतं?"

"मी देते," बाई ताठ मानेनं म्हणाल्या, आणि त्याच क्षणी टेबलाच्या पलीकडून आवाज आला, "मी देतो."