आईची बस चुकते

बस समोर येऊन उभी राहिली, तरी आई उठली नाही.

तो पलीकडच्या जिन्यावर उभा राहून बघत होता. हे जुनं स्टँड पाडून नवं बांधायचं होतं आणि त्याचा आराखडा करायचं काम त्याच्याकडे होतं. आगगाडीतून उतरलं की समोर बस, बसच्या पाठीला रिक्षा, सगळं एकाच छपराखाली. कुणाला ताटकळत बसायला लागू नये, हा त्याचा हट्ट. खरं तर तो हट्ट आईसाठीच होता. दर गुरुवारी ती शिवणवर्गाहून उशिरा यायची आणि दारातच म्हणायची, "आज पुन्हा बस चुकली बाई." त्याचा जीव तुटायचा.

तो हाक मारणार, तेवढ्यात आईशेजारी बसलेली मावशी त्याला दिसली. आईने चपला काढून पाय बाकावर घेतले होते. ती कुणाची तरी नक्कल करत होती. कानावर पेन असताना खिसे चाचपणाऱ्या माणसाची. म्हणजे त्याचीच. मावशी पोट धरून हसत होती. ड्रायव्हरने सवयीने आईकडे पाहिलं. आईने सवयीनेच हात हलवला. बस निघून गेली.

मावशीकडे सून, नातवंडं आणि दिवसभर चालू टीव्ही. इकडे तो, त्याची बायको, आल्यागेल्याचा राबता. एकमेकींच्या घरी गेल्या की दोघी बहिणी चहा घ्यायच्या, "बरं चाललंय ना" विचारायच्या आणि निघायच्या. आईला असं हसताना त्याने कितीतरी वर्षांत पाहिलं नव्हतं. तो हाक न मारताच जिना उतरला.

आई दिवेलागणीला घरी आली. "बस चुकली रे. तुझं ते नवं स्टँड झालं की सुटेन एकदाची."

बोलली खरी, पण 'सुटेन' म्हणताना आवाज पडला होता. ते त्याला आज पहिल्यांदा जाणवलं.

दुसऱ्या दिवशी त्याने आराखड्यात एक कोपरा वाढवला. मोठे साहेब वैतागले. "इथून कुठलीच वाट जात नाही. ही जागा कशाला?"

"राहू द्या, साहेब. बाकी सगळं तुमच्या मनासारखं करतो."

स्टँड सुरू झालं, त्या गुरुवारी त्याने दोघींना हौसेने सगळं फिरून दाखवलं. बस, रिक्षा, सरकता जिना. आई "छान आहे हो" म्हणत होती, पण चेहरा उतरला होता. शेवटी तो त्यांना खांबामागच्या कोपऱ्यात घेऊन गेला. तिथे एक ऐसपैस बाक होता, मोकळा वारा, समोर झाड.

"इथे बसलं की आलेली बस दिसतच नाही," तो म्हणाला. "हमखास चुकते."

मावशीने आईकडे पाहिलं. आईने त्याच्याकडे.

"कुठे उभा राहून बघत होतास रे?"