सगळ्या लिफ्ट हिरव्या

बटण दाबलं न दाबलं तोच रिपोर्ट हजर! इमारतीतल्या सगळ्या लिफ्ट पडद्यावर हिरव्यागार. इंजिनिअर मिशीतल्या मिशीत हसला.

काल-परवापर्यंत हाच रिपोर्ट जेवण उरकून, हात धुऊन आलं तरी निघत नसे. तेव्हा साहेबांनी मोठ्या प्रेमाने समजावलं होतं, "बाई सही न करता गेल्या, तर त्यांच्या मागोमाग तूही जा." बाई म्हणजे शहरातल्या निम्म्या इमारतींच्या मालकीणबाई. त्यांना रिपोर्ट आवडला तरच करार होणार होता.

मग काय, इंजिनिअर पेटला. प्रत्येक लिफ्टवर एक डबी बसवलेली होती आणि डबीत एक चिमुकला डेटाबेस. त्यात कंप, उष्णता, दाराची उघडझाप असं सगळं एकाच ओळीत कोंबलेलं. त्याने ते वेगवेगळं केलं, दाबून बसवलं. तरी वेग मनासारखा येईना. शेवटी त्याने रामबाण उपाय काढला. नोंद आली की लगेच फाइलमध्ये लिहायचीच नाही. दिवसभर मेमरीत साठवायची आणि पहाटे एकदम फाइलमध्ये उतरवायची. रिपोर्ट निघणार तो फाइलवरूनच.

"अहो, पण लिफ्ट दिवसा बिघडली तर?" टेस्टर म्हणाली.

काय हा प्रश्न! लिफ्टला बिघडायचंच असेल तर तिने पहाटेच्या आत बिघडावं. एवढी शिस्त यंत्राला नको?

आता फक्त बाई वर यायच्या राहिल्या होत्या. साहेब त्यांना आणायला स्वतः खाली गेले होते. तेवढ्यात टेस्टरच जिन्याने धापा टाकत वर आली.

"साहेब आणि बाई लिफ्टमध्ये अडकलेत! दोन मजल्यांच्या मध्ये! साहेब बाईंना फोनवर तुमचाच रिपोर्ट दाखवत होते म्हणे."

गेली नोकरी! इंजिनिअरने मेकॅनिकला फोन लावला. पलीकडे मेकॅनिकने सावकाश रिपोर्ट उघडून पाहिला.

"ती लिफ्ट तर हिरवी आहे की."

"हिरवी कसली, बंद पडलीय! लवकर या!"

"लाल झाल्याशिवाय लिफ्टला हात लावायचा नाही, असा साहेबांचाच नियम आहे. मोडायचा तर त्यांची सही आणा."

"अहो, साहेबच आत अडकलेत!"

"असं होय? मग काही घाई नाही. बाहेर आले की घ्या."