मिस्त्रीची सीट

पिकअपचं दार उघडून रुबिना सरळ ड्रायव्हरच्या शेजारच्या सीटवर जाऊन बसली, आणि गॅरेजसमोरच्या सगळ्यांच्या माना एकदम वळल्या.

ती सीट तिच्या अब्बांची, वाहेद मिस्त्रींची. खामगावात हे कुणाला सांगायला नको. गाडीच्या पुढच्या चाकांपाशी वेल्डिंग केलं की पहिली ट्रायल बोथ्याच्या घाटात, आणि ज्यानं वेल्डिंगचा टाका मारला त्यानं त्या ट्रायलला शेजारी बसायचं. टाका सुटलाच तर गिऱ्हाईक एकटं मरायला नको, असं मिस्त्री हसत हसत सांगायचे. या एका रिवाजापायी लोक पार मेहकराकडून त्यांच्याकडे गाड्या घेऊन यायचे.

"ताई, उतर ना," हर्षल म्हणाला.

जानेफळचा हा हर्षल म्हणजे नुसता शौकीन गडी. चांगली धावणारी पिकअप त्यानं चार इंच उचलून घेतली आणि खाली हे मोठाले टायर चढवले. गाडी रुबाबात उभी राहिली खरी, पण चाकांना वरून धरून ठेवणारे आर्म ताणले गेले. आर्म आणि चाक जोडणारे बॉल जॉइंट दोन महिन्यांत दोनदा गेले. शेवटी जाड पाइपाचे नवे, थोडे लांब आर्म बनवायचं ठरलं. तीन दिवस काम चाललं, मागच्या खोलीत, पत्र्याचं दार लोटून.

"काऊन उतरू?" रुबिना म्हणाली. "टाका माह्या हातचा हाय. मीच बसीन."

झालं! शेजारचा टायरवाला कारभारी हातातलं काम टाकून पुढे आला. हर्षलला आधी हसू फुटलं, मग ते विरलं.

"मस्करी नको करू, ताई. चाचा, काय म्हणून राह्यली ही?"

वाहेद मिस्त्री बाकड्यावर बसले होते. त्यांनी नुसतं पिकअपकडे तोंड वळवलं. पण आज उतरायचं नाही हे रुबिनानं सकाळीच ठरवलं होतं. अब्बांचा हात थरथरायला लागला त्याला चार वर्षं झाली. तेव्हापासून पत्र्याआड टाके मारायचे तिनं, आणि शर्ट बदलून ट्रायलला निघायचे अब्बा. परत आले की लोक त्यांचा हात हातात घेणार, आणि हिला म्हणणार, "पोरी, चहा टाक." तेही एक वेळ चाललं असतं. पण निघण्याआधी अब्बा पाव पाव तास गाडीखाली पडून तिचं काम तपासत राहायचे, ते तिला फार झोंबायचं. चार वर्षांत एक टाका सुटला नाही, तरी बापाचा भरवसा नाही तो नाहीच!

हर्षलचा आवाज चढला. "माह्या लेकरायले घेऊन फिरतो मी या गाडीत. चाचाच्या हातचं काम असतं तं डोये मिटून बसलो असतो. माह्या ट्रॉलीचा हूक पाह्य! चाचानं मारला, तीन वर्षं झाली, टनानं कापूस ओढला, पण केसभर हलला नाही. बाईच्या टाक्यावर मी घाट उतरत नसतो. काढ ते आर्म, अन् जुनेच लाव."

तो हूकही रुबिनाचाच होता. अगदी ओठावर आलं तिच्या. एक वाक्य, आणि हर्षलची बोलती बंद झाली असती. पण त्याच वाक्यानं अब्बा साऱ्या बाजारात खोटे ठरले असते. शेजारी बसणारा माणूसच खोटा निघाला, तर या गॅरेजात पुन्हा गाडी लावणार कोण? तिनं ते वाक्य गिळलं. उतरली मात्र नाही.

"नाही काढत," ती म्हणाली. "घाटात यायचं असंन तं चाबी लाव. तुले भेव वाटत असंन तं चाबी मले दे. मीच चालवते, अन् मीच शेजारी बसली असं समज."

तिनं हात पुढे केला. हर्षल किल्ली मुठीत धरून तसाच उभा राहिला.

तेवढ्यात वाहेद मिस्त्री बाकड्यावरून उठले. आता अब्बा दंडाला धरून खाली ओढणार, असं रुबिनाला वाटलं. ओढू दे. तिनं सीटची कड घट्ट पकडली. मिस्त्री एका हातानं बोनेट धरत धरत तिच्या दारापाशी आले, आणि त्यांनी ते दार बाहेरून लावून टाकलं.

"तो हूकबी हिचाच हाय, हर्षल," ते म्हणाले. आवाज असा मोठा, की रस्त्यापलीकडचेही वळून बघायला लागले. "चार वर्षांतला एकूण एक टाका हिचा. मी खोटं बोललो साऱ्यायशी. आता बसतो का चाबी देतो?"

"अब्बा, राहू द्या..." रुबिनाच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं.

कारभारीला मात्र राहवेना. "असं कसं, चाचा? तुम्ही तं दर खेपेले गाडीखाली जाऊन टाका तपासत होते. मंगच बसत होते ना?"

"तपासतो कायचा, कारभारी!" मिस्त्री म्हणाले. "मले तं चार वर्षांपासून टाका दिसतच नाही. खाली पडून अल्लाचं नाव घेत होतो, अन् मंग हिच्या भरवशावर घाट उतरत होतो."