राखणीचा शर्ट

विल्फ्रेडला घामट शर्ट हवा होता आणि तो मिळत नव्हता. त्याच्याकडचे दोन्ही शर्ट मूसच्या रक्तानं भिजले होते. माणसाच्या घामाच्या वासाला अस्वल बिचकतं, पण रक्ताचा वास टांगून ठेवला तर ते पळून जायचं सोडून थेट जेवायलाच यायचं.

अंधार पडत आला होता. दुपारी पाडलेला मूस, हरणांच्या जातीतला तो थोराड नर, घोड्याहून उंच होता. मायलेकांनी मिळून तो सोलला, तोडला. सत्तरीला आलेली एल्सी अजूनही लेकापेक्षा सफाईनं सुरी चालवायची. चारही तंगड्या, बरगड्या, मान असं सगळं कापडी पिशव्यांत भरून आतड्यांच्या ढिगापासून शंभर पावलांवर टांगलं होतं. दोन झाडांना आडवा वासा बांधलेला, वर ताडपत्री. युकॉन नदीच्या या फाट्याचं पाणी उतरलं होतं. वाळूचे उंचवटे चुकवत भरलेली होडी अंधारात नेणं शक्य नव्हतं. मांस रात्रभर इथंच राहणार होतं. आणि काठच्या चिखलात अस्वलाची पावलं होती, इतकी ताजी की त्यांत पाणीसुद्धा भरलं नव्हतं.

हे मांस घरी खायचं नव्हतं. विल्फ्रेडच्या वडिलांना, मोझेसला, जाऊन वर्ष होत आलं होतं. शनिवारी त्याच्या नावाचं गावजेवण होतं. त्या दिवशी त्याला निरोप द्यायचा, त्याच्या वस्तू वाटून टाकायच्या आणि मग रडणं थांबवायचं. मूसशिवाय ते जेवण कसलं? दहा दिवस नदी पालथी घातल्यावर हा एक मिळाला होता.

"आणखी एक फेरी मार आणि मुतून ये," नदीवर सुऱ्या धुणारी एल्सी ओरडली. "इथं माणूस आहे हे कळू दे त्याला."

"दोनदा झालं, आई! आता काही शिल्लक नाही."

"एक किटली चहा पिऊन अख्खा तळ भिजवायचा तुझा बाप!"

दोघंही हसली. बऱ्याच दिवसांनी.

आईचा एखादा वापरलेला स्वेटर मिळाला तरी भागेल म्हणून विल्फ्रेड तंबूत शिरला आणि त्यानं तिची पिशवी उपसली. तळाशी एक प्लास्टिकची पिशवी होती. आत चौकटींचा लोकरी शर्ट. पिशवीच्या तोंडाला दोन गाठी होत्या, त्या सुटेनात. त्यानं सुरीनं कापल्या. तंबाखू, होडीचं पेट्रोल, घाम. बाबा एकदम तंबूभर पसरले. थंडीत घालायला आणला असेल तिनं, त्याला वाटलं. मग वाटलं, हेच बरोबर आहे. जेवण बाबांचं, तर राखणही बाबांनीच करावी. त्यानं शर्ट वाशाच्या टोकाला, ताडपत्रीच्या बाहेर, वाऱ्यावर टांगला. "बाबा, लक्ष ठेवा," तो हळूच म्हणाला. आईला सकाळी दाखवायचं त्यानं ठरवलं. तिला आवडलं असतं.

मध्यरात्री पाऊस लागला. कसल्या तरी खसफशीनं विल्फ्रेडला जाग आली. हात बंदुकीवर गेला. पण ती आईच होती. अंधारात गुडघ्यांवर बसून पिशवीतला एकेक कपडा चाचपत बाहेर काढत होती.

"काय शोधतेयस?"

"काही नाही. मोजे."

"अगं, झोप ना आता. तुझ्याच आवाजानं यायचं ते."

ती आडवी झाली. त्याचा डोळा पुन्हा लागला.

सकाळी मांस जसंच्या तसं होतं. अस्वल वीस पावलांवर येऊन थांबलं होतं, बराच वेळ बसलंही होतं, गवत दबलं होतं. मग तिथूनच माघारी फिरलं होतं.

"आई, ये ना लवकर! बघ, बाबांनी हाकललं त्याला!"

एल्सी आली. तिनं पावलं पाहिली, मान डोलावली. मग तिचं लक्ष वर गेलं. शर्टाच्या दोन्ही बाह्यांतून पाणी गळत होतं.

"हा कुठं सापडला तुला?"

"तुझ्या पिशवीत. अगदी तळाशी."

"आणि गाठी?"

"सुटत नव्हत्या, म्हणून कापल्या. का गं?"

ती ओंडक्यावर बसली.

"दवाखान्यात नेलं तेव्हा अंगातून काढलेला तो. त्याच दिवशी बांधून ठेवला. पिशवी सारखी उघडली असती तर वास उडून गेला असता, म्हणून वर्षभर गाठ सोडली नाही. म्हटलं, जेवणाआधी एकदाच. इथं, आम्ही दोघं यायचो तिथं. काल रात्री सोडणार होते रे. मला वाटलं, घरीच विसरले."

विल्फ्रेड वाशापाशी गेला. त्यानं शर्ट उतरवला. पिळला नाही. तिच्याकडे पाठ करून त्यानं कॉलर हुंगली, मग बगल, मग खिशाच्या आतली शिवण. पाऊस. धूर. ओली लोकर. काल तंबूभर पसरलेले बाबा त्यात कुठंच नव्हते.

त्यानं शर्ट तिच्या हातांत दिला.

"आई, मला माहीत असतं तर..."

"मांस वाचलं ना?"

तिनं शर्ट दोन्ही हातांनी चेहऱ्यावर दाबला. कितीतरी वेळ ती तशीच बसली होती. विल्फ्रेड तिच्याकडे बघू शकत नव्हता, आणि दुसरीकडे कुठं बघावं हेही त्याला कळत नव्हतं.

मग तिनं मान वर केली.

"आहे," ती म्हणाली. "अजून आहे रे थोडा. चल, होडी भर."