येळवशीची मोजणी

येळवशीच्या दिवशी लातुरात रस्त्यावरची माणसं मोजायला बसणं म्हणजे दिवाळीच्या सुट्टीत शाळेची हजेरी घेणं. पण मोजणीचं काम घेतलेल्या पुण्याच्या कंपनीला हे कोण सांगणार? त्यांच्या सुट्ट्यांच्या यादीत येळवस, म्हणजे शेतात जाऊन पूजा-जेवण करायची वेळ अमावस्या, नव्हतीच. साधा कामाचा दिवस बघून त्यांनी तारीख धाडली, आणि साक्षी नावाची वर्ध्याकडची पोरगी सकाळी सातलाच शाळेच्या समोरच्या बाजूला, लिंबाखाली खुर्ची टाकून बसली.

अकरा वाजले तरी तिच्या कागदावर रस्ता ओलांडणाऱ्यांच्या नऊच रेघा होत्या. गाड्यांचे रकाने मात्र भरून चालले होते. बाहेरगावच्या ट्रकांना कसली आलीय येळवस! शाळा बंद, दुकानं बंद, अख्खं शहर आपापल्या शेतात आंबील-भज्जीवर बसलेलं.

शेजारी दगडावर मनकर्णाबाई बसली होती. पलीकडच्या शाळेत ती खिचडी शिजवते, आणि पातेलं चढवायच्या आधी रोज वस्तीवरची लेकरं हाताला धरून, दुभाजकातल्या फटीतून पलीकडं नेते. ते काही तिचं काम नव्हे. पण गेल्या वर्षी तिच्या जोडीची शिवम्मा ह्याच फटीत ट्रकच्या धक्क्यानं पडली, पायात रॉड घालावा लागला, तेव्हापासून लेकरांची ने-आण हिच्या गळ्यात पडली ती पडलीच. चार अर्ज झाले, दोनदा मोर्चा झाला, तेव्हा कुठं ही मोजणी लागली होती. संध्याकाळपर्यंत दोनशे जणांनी रस्ता ओलांडला तर पांढरे पट्टे अन् सिग्नल. नाही ओलांडला तर इथं माणसं येतच नाहीत असं धरून फट बुजवायची, लेकरांनी लांबच्या चौकातून वळसा घालायचा. लेकरं कसला वळसा घालतात! दुभाजकावरून उड्या मारतील. हे मनकर्णाबाईला ठाऊक होतं. कंपनीला कुठून असणार?

साक्षीनं दोनदा साहेबाला फोन लावला. आज इथं मोठा सण आहे, उद्या बसते म्हणाली. कॅलेंडरात तर काही दिसत नाही, सहाला कागद पाठव, असं म्हणून त्यानं फोन ठेवला. पोरीचं तोंड एवढंसं झालं. मनकर्णाबाईनं तिला बोल लावला नाही. तिला बोलून काय उपयोग, तीही हुकुमाची ताबेदार.

घरची मंडळी सकाळीच टेंपोतून शेताला गेली होती. सुनेनं चला म्हणून लई आग्रह केला. साठी ओलांडली बाईनं, पण एकही येळवस तिनं घरात काढली नव्हती. आज इथं आपलं कुणीतरी पाहिजे, एवढंच म्हणून ती मागं राहिली. राहून करणार काय, ते तिचं तिलाही ठाऊक नव्हतं.

बराच वेळ ती त्या कागदाकडं बघत बसली. मग म्हणाली, "पोरी, येकच माणूस दोनदा गेलं तर?"

"दोन रेघा. कोण गेलं ते लिहायचं नसते, मावशी."

मनकर्णाबाई उठली. पदर खोचला, हात आडवा धरला आणि पलीकडं गेली. साक्षीनं रेघ मारली. ती परत आली. साक्षीनं हसत दुसरी मारली. पाचव्या-सहाव्या खेपेला मात्र पोरीचं हसू गेलं.

रस्ता मोकळा म्हणून ट्रक नेहमीपेक्षा जास्तच सुसाट होते. एकेका खेपेला कितीतरी वेळ कडेला उभं राहावं लागे, निम्मं झालं की परत फटीत उभं राहावं लागे. ऊन चढलं. गुडघे बोलायला लागले. साक्षीनं सांगून पाहिलं, मावशी, बस्स करा, दोनशे काही व्हायचे नाहीत, तुमच्या एकटीच्या कशाबशा चाळीस झाल्या.

"रोज लेकरं घिऊन मी कितीदा जाते, कुणी मोजलं न्हाई," मनकर्णाबाई म्हणाली. "आज मोजायला माणूस बसलंय, तर मी बसून राहू व्हय?"

आणि पुन्हा निघाली.

तीनच्या सुमाराला शाळेकडून परत येताना एक टँकर इतका जवळून गेला, की तिचा पदर वाऱ्यानं ओढला गेला. ती कशीबशी फटीत पोचली आणि दुभाजकाला पाठ लावून मटकन खाली बसली. दोन्ही बाजूंनी गाड्या जात होत्या. साक्षीनं हाक मारली. तिनं नुसता हात हलवला. उठायचं त्राण नव्हतं.

साक्षीनं कागद खुर्चीवर ठेवला, त्यावर दगड ठेवला, पाण्याची बाटली घेतली आणि रस्त्याच्या कडेला आली. सकाळपासून ती लिंबाखालीच होती. एकदाही ह्या रस्त्यावर उतरली नव्हती. तिनं एक पाऊल टाकलं, हॉर्न वाजला, ती मागं आली. पुन्हा टाकलं, पुन्हा मागं आली. मावशी धरायची तसा हात आडवा धरून पाहिला. एकानंही गाडी हळू केली नाही. बाटली छातीशी धरून पोरगी तिथंच उभी राहिली, आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

मनकर्णाबाईनं ते फटीतून पाहिलं. दुभाजकाला हात टेकला, एक गुडघा सरळ केला, मग दुसरा.

"थांब पोरी, पाय टाकू नको," ती म्हणाली. "मी येते तुला न्यायला."