दुसऱ्या बाकावरचा मोबाइल

"वर्गात मोबाइल शिरला की मास्तराला कुणी विचारत न्हाई," असं विशाखा डी.एड. कॉलेजात ठणकावून सांगायची. म्हणूनच शिरूर अनंतपाळजवळच्या शाळेत तिचा सराव पाठ तपासायला आलेले वसंतराव सर चक्रावले. दुसऱ्या बाकावरच्या रिकाम्या जागी, कंपासपेटीला टेकवून, तिचाच मोबाइल उभा होता.

पाठ संपल्यावर सरांनी तिला टेबलाजवळ बोलावलं. "पाठाच्या टाचणात शैक्षणिक साधनं म्हणून नुसतं खडू आणि फळा लिहिलंयस. मग तो मोबाइल कशाला मांडलाय?"

"सर, ते साधन न्हाई," विशाखा चाचरत म्हणाली. गुण सरांच्याच हातात होते.

तेवढ्यात मोबाइलच बोलला. "बाई, उद्या मला म्होरं बसवा. नरसिंगचं डोस्कं सारखं मधी यायलंय."

सगळा वर्ग खो खो हसला. सरांनी बाकाजवळ जाऊन वाकून पाहिलं. यंदा पाऊस नाही म्हणून आईबापासोबत ऊसतोडीला गेलेली याच वर्गातली दैवशाला पडद्यावर होती. दूर कुठल्या कारखान्याजवळ, उसाच्या पाचटानं शाकारलेल्या कोपीसमोर, वेणीफणी करून, मांडीवर पाटी घेऊन ऐटीत बसलेली. सर दिसताच ती ताडकन उभी राहिली आणि पडद्यावर नुसता शाळेचा गणवेश उरला. "नमस्ते सर."

"नमस्ते. बस, बस," सर म्हणाले. मग त्यांनी मोबाइल दोन्ही हातांनी उचलला आणि पहिल्या बाकाशी नेला.

"नरसिंग, सरक जरा. तिला बसू दे."